कालव्याच्या चित्राखालच्या चार ओळी

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या घराला तेरा दारं होती, कपाटांची धरली नाहीत. आठ वाजता मुलगा कामाला जायचा, सव्वाआठला सून, साडेआठला नातीची पिवळी बस यायची आणि मग तीन वाजेपर्यंत मी त्या तेरा दारांतून आत-बाहेर करायचे. घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घडी घालायचे. कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं. ते फिरायला लागलं की खालची फरशी थरथरायची, म्हणून मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. त्या घरात आवाज करणारं तेवढंच होतं. सुनेने एकदा पाहिलं आणि विचारलं, "आई, इथे काय करताय?"

मी म्हटलं, "ड्यूटी."

नागपूरच्या कापडगिरणीत मी सव्वीस वर्षं उभी राहिले. वाइंडिंग खात्यात. लहान बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, पुन्हा तुटलं की पुन्हा मारायची. बसायला स्टूलही नव्हतं. अशा बाईला सोफ्यावर बसवलं तर तिचे पाय ऐकत नाहीत. बाहेर जावं तर तिथे रस्ते एवढे मोठे, पण चालत कोणी नाही. एकदा मी तळ्यापर्यंत चालत निघाले तर तीन गाड्या थांबल्या, काही मदत हवी का विचारायला. चौथी पोलिसाची होती. त्याने मला मागे बसवलं आणि घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून मुलाने बजावलं की एकटी बाहेर पडायचं नाही.

मला परत जायचं होतं. जूनचं तिकीट होतं. मुलाला मात्र मी कायमची तिथेच राहायला हवी होते. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याने भरले होते, वकिलाकडून तपासून आणले होते आणि फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावून ठेवले होते. बाकी होती ती फक्त माझी सही. कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली होती. मी चौथी शिकलेली आहे, मला सही येते. मी करत नव्हते. दूध काढायला गेलं की ती फुली समोर यायची.

"आई, नागपुरात तुझं आता आहे कोण?" तो विचारायचा.

"तिथे मला पाय आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी भाजी आणायला गेले तर पोलीस येत नाही."

मेच्या मधल्या शुक्रवारी कागद टपालात पडायला हवेत, असं वकिलाने सांगितलं होतं. त्यानंतर माझी तिथे राहायची मुदत संपत आली असती आणि सगळी भानगड झाली असती. मुलगा रोज आठवण करून द्यायचा. मी रोज विषय बदलायचे.

एप्रिल संपता संपता नातीला शाळेतून एक काम मिळालं. ती दहा वर्षांची, पाचवीत. अमेरिकेत कारखाने वाढले त्यात कालव्यांचा हात काय होता, हे एका मोठ्या तक्त्यावर चित्रं काढून दाखवायचं होतं. तिच्या आईबापांना त्या आठवड्यात ऑफिसातून यायला उशीर होत होता. ती माझ्याकडे आली.

"आजी, कनॅल म्हणजे काय, डू यू नो?"

"कालवा ना? मला नाही माहीत तर कोणाला माहीत? माझ्या बापाने खणलाय."

ते खरंच होतं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथे मोठ्या तलावाचा कालवा काढला तेव्हा माझा बाप खणायला होता आणि आई टोपलीने माती उपसायला. त्या कालव्यावर धान पिकायचं. पाणी सोडायला पाटकरी असायचा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी जाईल ते त्याच्या हातात. लोक त्याला वळून नमस्कार करायचे. हे सगळं मी नातीला सांगितलं आणि आम्ही दोघी कामाला लागलो. वर तलाव, मग लोखंडी दार, मग निळा कालवा, त्याला फुटलेल्या चाऱ्या आणि खाली हिरव्या बांध्या. बांध्यांमध्ये मी तांदळाचे खरे दाणे गोंदाने चिकटवले. दाराशी पाटकरी उभा केला, त्याला पागोटं घातलं. दोन दुपारी माझे पाय जागेवर राहिले.

"पण आजी, फॅक्टरीज?"

"त्या होतातच. पाणी आलं, पीक आलं, लोक पोटभर जेवले, अंगात जोर आला, मग कारखान्यात कामाला गेले." मला ते पटत होतं. तिनेही तसंच इंग्रजीत लिहिलं.

बुधवारी ती शाळेतून आली आणि तक्ता दारामागे फेकला. तांदूळ सांडले. बाईंनी गुण दिलेच नव्हते. पुढच्या सोमवारी नवीन करून आण, म्हणाल्या होत्या, कारण त्यानंतर गुरुवारी पालक तक्ते बघायला येणार होते. वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं की यात बोट कुठे आहे आणि हा डोक्याला टॉवेल बांधलेला माणूस कोण. सगळे हसले होते.

"आजी, यू सेड यू न्यू!"

"मला जो माहीत आहे तोच सांगितला."

"इट्स द रॉंग कंट्री!"

संध्याकाळी मुलाने तो तक्ता बघितला. आधी हसला, मग नातीचं तोंड बघून थांबला. "आई, इथले कालवे शेतीचे नव्हते गं. बोटींचे आणि गिरण्यांचे."

"गिरणीला कालवा कशाला? गिरणीला कोळसा लागतो."

"कोळशाच्या आधी पाण्यावर चालायच्या."

"पिठाचं जातं पाण्यावर फिरेल. हजार साचे फिरायचे नाहीत. मला शिकवू नकोस, मी गिरणीत होते. तू नव्हतास." साचा म्हणजे माग. आमच्या गिरणीत मागाला साचाच म्हणत.

"रविवारी चल. दाखवतो."

तिथून तासाभरावर एक जुनं गिरण्यांचं गाव आहे. तासभर गाडीत बसून माझ्या पोटऱ्यांत मुंग्या आल्या. उतरल्यावर पहिल्यांदा मी पाय आपटले आणि मग वर बघितलं. समोर लाल विटांची इमारत, पाच-सहा मजली, एका ओळीत सारख्या खिडक्या, मधे जिन्याचा बुरुज, वर घंटा. आमच्या नागपूरच्या गिरणीला घंटेऐवजी भोंगा होता, बाकी फरक नव्हता. आणि भिंतीला लागून दगडी काठांचा कालवा. बर्फ वितळून गेलं होतं, पाणी काठोकाठ होतं आणि जोरात चाललं होतं.

मुलगा इंजिनिअर आहे, समजावून चांगलं सांगतो. नदी त्या गावाशी खडकांवरून एकदम खाली उतरते. त्यामुळे लाकडं आणि माल घेऊन येणाऱ्या बोटी तिथे अडकायच्या. म्हणून आधी बोटींसाठी वळसा घालून कालवा काढला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की कालव्यातलं पाणी वर आहे आणि नदी खाली आहे. या दोहोंच्या मधे गिरणी बांधली तर वरचं पाणी गिरणीच्या पोटातून खाली पडेल आणि पडता पडता चाक फिरवेल. तेवढ्यावर त्यांनी आणखी कालवे खणले आणि प्रत्येकाच्या काठाने गिरण्या उभ्या केल्या. एका गिरणीतून पडलेलं पाणी खालच्या कालव्यात घेऊन पुन्हा दुसऱ्या गिरणीला द्यायचे. कोळसा कुठून आणायला नको, धूर नाही. रान होतं तिथे काही वर्षांत शहर झालं. मग दुसऱ्या नद्यांवरही लोकांनी हेच केलं. पुढे आगगाडी आणि वाफ आली, पण तोपर्यंत कारखाने पाण्यावर उभे राहिले होते.

"आणि खणलं कोणी?" मी विचारलं.

"आयरिश मजुरांनी. फावड्यांनी. इथेच काठाला झोपड्या टाकून राहायचे."

पुढे कालव्याच्या तोंडाशी एक लहानसं घर होतं, आत मोठमोठी लाकडी दारं वर-खाली करायचं चक्र. कुठल्या गिरणीला किती पाणी जाईल ते इथला माणूस ठरवायचा, त्याचं मोजमाप ठेवायचा.

"हा पाटकरी," मी नातीला म्हटलं. "बघ. पागोटं नसेल घालत, पण होता."

ती हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा हसली.

गिरणीत आता म्युझियम केलं होतं. तळाशी फिरणारं चाक, त्यावरून निघालेले जाड पट्टे, पट्ट्यांनी प्रत्येक मजल्यावरचा लोखंडी दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक साचा. एक प्रतिकृती काचेत ठेवली होती. ती मी बराच वेळ बघितली आणि मुलाला म्हटलं, "बरं. फिरत असतील." तो एवढ्यावर खूश झाला.

मग त्याने मला वरच्या खात्यात नेलं. तिथे खरे साचे खरोखर चालू होते, लोकांना दाखवण्यासाठी विजेवर. दारातच कानात घालायला फोमच्या गोळ्या देत होते. मुलाने, नातीने घातल्या. मी घेतल्या नाहीत. आत पाय ठेवला आणि लाकडी जमिनीची थरथर तळपायातून गुडघ्यापर्यंत चढली. पाच महिने माझे पाय मला कुठे ना कुठे ओढत होते. तिथे ते थांबले. मी नुसती उभी राहिले.

पण मी होते साचेखात्यात. सव्वीस वर्षं गिरणीत काढून त्या खात्याच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नव्हते.

साच्यांवर देखरेखीला एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. जाडजूड, पांढरे केस, कमरेला कातर लटकवलेली. लहानपणी आईबापांबरोबर ग्रीसहून आलेली आणि आयुष्यभर याच गावातल्या गिरण्यांत काम केलेली. गिरण्या बंद पडल्यावर आता पाहुण्यांना साचे दाखवत होती. एका साच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तसं तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी तुटलेल्या जागेकडे बघत होते, म्हणून असेल. बाकी सगळे कापडाकडे बघत होते. तिने साचा थांबवला आणि दोन बोटांनी मला खूण केली, ये. गिरणीच्या आवाजात आम्ही तसंच बोलायचो, ओठ आणि बोटं. मी दोन्ही टोकं घेतली आणि गाठ मारली. वाइंडिंगची गाठ, बारीक, फणीतून सरळ निघून जाते. तिने ती नखाने तपासली. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि साचा सुरू केला.

"आजी, यू आर सो फास्ट!" नात ओरडली.

"फास्ट नसते तर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, घरी पाठवलं असतं."

म्हातारी आम्हाला बाजूच्या टेबलाशी घेऊन गेली. तिथे जुने धोटे मांडले होते. धोटा म्हणजे लाकडाची टोकदार होडी, तिच्या पोटात सुताची कांडी, आणि हीच होडी साच्यात इकडून तिकडे धावते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हाताने जमत नाही. म्हणून जुने विणकर भोकाला तोंड लावून श्वास आत ओढत, की धागा ओठांत येई. दिवसाला शेकडो वेळा. तिने हे सांगताना स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं, म्हणजे यांची वाट लागायची. एकाचा रोग दुसऱ्याला व्हायचा. तिच्या आईने असे धोटे ओढले होते. तिच्या वेळेपर्यंत कायद्याने ते बंद झालं आणि हाताने धागा घालायचे धोटे आले. नात इंग्रजी ऐकून मला मराठीत सांगत होती, पण मला त्याची गरज नव्हती. धोट्याला तोंड लावणं म्हणजे काय, ते मला तिच्याआधी माहीत होतं.

"हिला विचार," मी नातीला म्हटलं, "या साच्यांवर कोणाला घेत होते?"

म्हातारी म्हणाली, येईल त्याला. आधी शेतकऱ्यांच्या मुली, मग आयरिश, फ्रेंच बोलणारे, आम्ही ग्रीक, पोलिश.

"आणि काळे लोक?"

"आई!" मुलगा म्हणाला.

"विचार म्हटलं ना."

नातीने विचारलं. म्हातारीने थोडा विचार केला. खोटं बोलली नाही. माझ्या खात्यात मी कधी पाहिला नाही, म्हणाली.

"आणि कापूस कुठून यायचा?"

दक्षिणेतून, ती म्हणाली. आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, हो, त्यांच्याच हातचा.

मग मी टेबलावरचा एक धोटा उचलला. त्यात कांडी होती, सुताचं टोक भोकाशी होतं. मी तो तोंडाला लावला आणि ओढला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा धागा जिभेवर आला. तोंडात जुनं तेल आणि धूळ. बस, एवढंच होतं त्यात.

मुलाने माझा हात धरला. "आई, काय करतेस! घाणेरडं आहे ते. लोक बघतायत!"

म्हातारी मोठ्याने हसली आणि तिने मला कागदाचा रुमाल दिला.

बाहेर कालव्याकाठी बाकं होती. ते दोघं बसले, मी उभी राहिले. नातीने विचारलं, आजी, व्हाय डिड यू डू दॅट? मी सांगितलं. मुलालाही तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

आम्ही जातीने महार, पुढे बौद्ध झालो. माझा नवरा त्याच गिरणीत रिंगखात्यात होता, म्हणजे सूत कातायला. साचेखात्यात पगार जास्त. त्याने एका ओळखीच्या विणकराच्या घरी हातमागावर काम शिकून घेतलं आणि साचेखात्याच्या जॉबरकडे गेला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. जॉबर म्हणाला, "धोट्याला तोंड लावावं लागतं. सकाळपाळीला तू लावणार आणि दुपारपाळीला माझा माणूस तोच धोटा तोंडात धरणार. कसं चालेल?" नवरा म्हणाला, कायदा झालाय. जॉबर म्हणाला, "तो गेटाच्या बाहेर."

घरी येऊन दोन दिवस राखुंडीने दात घासत होता. मी म्हटलं, हिरड्या सोलून निघतील, तेव्हा थांबला. पुढे तीस वर्षं रिंगखात्यात राहिला, छातीत कापूस भरून खोकत मेला. साचेखात्यात असता तरी मेलाच असता. तिथेही कापूस उडतो. पण मुलाच्या पुस्तकांसाठी मला दुसऱ्यांची भांडी घासावी लागली नसती.

मुलगा पाण्याकडे बघत होता. "बाबा मला कधी बोलले नाहीत."

"बोलून तू काय करणार होतास? तुला गणितं करायची होती."

"आजी," नात म्हणाली, "कॅन आय पुट इट ऑन द पोस्टर?"

"घाल."

"नाही," मुलगा म्हणाला. "बेटा, असाइनमेंट कनॅलवर आहे."

"बट इट्स अबाउट द शटल! अँड द मिल!"

"आय सेड नो."

परत येताना मुलाने गाडीत रेडिओ लावला. तो नाही का म्हणाला, ते मला ठाऊक होतं. नातीच्या वर्गात आणखी दोन मराठी मुलं होती. त्यातल्या एकाची आई पुण्याची, तिला सगळी मुलं काकू म्हणायची. तिच्या घरी महिन्यातून एकदा मंडळी जमायची, मुलगाही जायचा. तिथे गेलं की आधी आडनाव विचारायचे. आमचं आडनाव असं आहे, की त्यावरून पुण्याच्या माणसाला काही कळत नाही. मुलाचं पंधरा वर्षं त्यावर चाललं होतं. नागपूरची आमची माणसं तिथे होती, त्यांच्याकडे तो वेगळा जायचा. दोन घरांना जायला दोन वेगळे बूट असल्यासारखं.

घरी आल्यावर रात्री स्वयंपाकघरात भांडण झालं. नवा तक्ता टेबलावर पसरला होता. वरची नदी, दगडी कालवा, बोट, गिरणी, तिच्या पोटातलं चाक, पट्टे, सगळं मुलाने पट्टीने आखून दिलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात नातीने पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या.

"वाच," मी म्हटलं.

तिने मराठी करून वाचलं. "माझी आजी इंडियात मिलमध्ये काम करायची. तिथेपण विणकर धागा तोंडाने ओढायचे. माझे आजोबा अस्पृश्य होते म्हणून त्यांना विणकर होऊ दिलं नाही, कारण लोक म्हणायचे की त्यांच्या तोंडाने शटल घाण होतं. मागच्या संडेला आजीने शटलला तोंड लावलं."

"अस्पृश्य नको लिहूस," मुलगा म्हणाला. "पुअर लिही. गरीब होते म्हणून."

"गरीब सगळेच होते," मी म्हटलं. "जॉबरही गरीबच होता."

"आई, इथे कोणाला कळणारसुद्धा नाही त्यातलं."

"मग घाबरतोस कशाला?"

मी फ्रीजवरचे कागद काढले आणि तक्त्याशेजारी ठेवले. "ऐक. हा तक्ता या चार ओळींसकट शाळेत लागेल. गुरुवारी तू त्याच्या शेजारी उभा राहशील, कोणी विचारलं तर सांगशील. मग मी सही करते. नाहीतर जूनला जाते."

"हे ब्लॅकमेल आहे, आई."

"असेल."

सून ओट्याशी होती. ती मुंबईची, आमच्यातलीच. म्हणाली, "मी राहते ना उभी. त्यात काय."

"तू राहशील ते मला माहीत आहे. म्हणूनच तुला सांगत नाही."

त्याने चावी घेतली आणि पेट्रोल भरायला गेला. टाकी भरलेलीच होती, परत येतानाच भरली होती.

सोमवारी सकाळी नात तक्ता गुंडाळत होती, तेव्हा मी पाहिलं, चार ओळी शाईने लिहिल्या होत्या. एक शब्द खोडून वर नीट लिहिला होता, तिच्या अक्षरात नाही. मी विचारलं, काय खोडलं? ती म्हणाली, स्पेलिंग रॉंग होतं, डॅडने केलं. कुठला शब्द? तिने बोट ठेवलं. तोच होता, अस्पृश्य. काढून टाकला नव्हता, दुरुस्त केला होता.

पण लिहिणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला, मीटिंग लांबतेय, तुम्ही व्हा पुढे. सून आम्हाला घेऊन गेली. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतींना तक्ते लावले होते. नातीचा खिडकीपाशी. बाई स्वतः येऊन म्हणाल्या, नदी आणि गिरणी आता बरोबर आहे. मग खालच्या ओळी वाचल्या आणि माझ्याशी हात मिळवला. बराच वेळ सोडला नाही, मला अवघडल्यासारखं झालं.

सहा वाजून गेले तरी मुलगा आला नव्हता. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फेऱ्या मारल्या. सुनेने खुर्ची दिली, मी तिच्यावर पर्स ठेवली. आठव्या फेरीला तो दारात दिसला. टाय तसाच. आमच्याकडे आला नाही. ज्यूसच्या टेबलाशी थांबला, कागदी पेला भरला आणि तिथेच उभा राहिला. मी ठरवून टाकलं, जून.

तेवढ्यात पुण्याची काकू आली. चष्मा वर करून तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "छान झालाय हं कालवा. मावशी, तुम्ही मदत केलीत?"

"मी केलेला शेतीचा होता, तो बाद झाला. हा हिच्या बापाने काढलाय. खालचं वाच."

"वाचलं मी."

"मग?"

ती जरा हसली. "आता असलं काही राहिलं नाही ना, मावशी. ते दिवस गेले."

"मग बरंच आहे. वाचायला हरकत नाही."

ती पुन्हा तक्त्याकडे वळली. तेव्हा मुलगा आमच्या शेजारी येऊन उभा होता, पेला हातात होता आणि तो रिकामा होता.

"हे तुमचे वडील?" तिने कोपऱ्यातल्या ओळींकडे हात केला.

"हो. माझे वडील."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही आडनाव विचारायचात," तो म्हणाला. "वडिलांचं कधी विचारलं नाहीत."

त्याचा आवाज चांगला नव्हता, पातळ झाला होता. पण तो हलला नाही. काकू म्हणाली, "येते हं," आणि आपल्या मुलाच्या तक्त्याकडे गेली. मग एक गोरा बाप आला, त्याने पट्ट्यांचं विचारलं. मुलाने त्याला चाक कसं फिरतं ते सांगितलं, पट्टे सांगितले, आणि मग तो गृहस्थ जाणार तेवढ्यात स्वतःहून बोट खाली नेलं आणि त्या चार ओळी दाखवल्या. शाळेचा माणूस खुर्च्या उचलायला लागेपर्यंत तो तिथेच उभा होता. पुढच्या महिन्यात काकूच्या घरचं बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आलं. तो गेला नाही. मुद्दाम, की वेळ नव्हता, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी चप्पल काढायच्या आधी फ्रीजपाशी गेले आणि फुलीवर सही केली. बोलले होते म्हणून केली. त्याने कागद पाकिटात घातले आणि शुक्रवारी सकाळी कामाला जाताना घेऊन गेला.

साडेआठला पिवळी बस गेली. घर रिकामं झालं. मी तळघरात जाऊन कपडे मशीनमध्ये टाकले, खुर्ची ओढली, बसले. पाय होते तसेच होते, सहीने त्यांना काही फरक पडला नव्हता. दोन मिनिटांत उठले, कोट घातला आणि तळ्याकडे चालायला लागले. पहिली गाडी थांबली तेव्हा मी हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं.